यात्रेचा वार बदलण्याआधी शेजारच्या गावाला विचारा

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांतल्या गावोगावच्या यात्रा कमिट्यांना,

सप्रेम नमस्कार.

अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, आणि पत्रिकेच्या तळाशी 'समस्त ग्रामस्थ' एवढ्यात ज्यांना बसवलं जातं ते सगळे, तुम्हा सर्वांना हे पत्र आहे. कुणा एका गावाला बोल लावायचा नाही. म्हणून माझ्या गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मजकूर राहील बाजूला आणि आधी 'ही कोणाच्या घरची' याचा शोध सुरू होईल.

सांगायचं एवढंच आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या एकेका गावाने यात्रा तिथीवरून उचलली आणि शनिवार-रविवारावर आणून ठेवली. कुठे सगळीच आणली. कुठे देवाचा अभिषेक तेवढा तिथीला आणि छबिना (देवाची रात्रीची मिरवणूक), तमाशा, बैलगाडे, कुस्त्या 'सर्वांच्या सोयीने' पुढच्या शनिवारी. गावाच्या बैठकीत ठराव झाला, हात वर झाले, चहा झाला. शेजारच्या गावाला कोणी विचारलं नाही. शेजारच्या गावानेही त्याच महिन्यात तोच ठराव केला, आणि त्यांनीही तुम्हाला विचारलं नाही.

मी पेठेत किराणा दुकान चालवते, तेव्हा आधी हिशोब मांडते. गुढीपाडवा ते बुद्ध पौर्णिमा म्हणजे चैत्र अख्खा आणि वैशाखाचा पहिला पंधरवडा. दिवस चव्वेचाळीस-पंचेचाळीस. आपल्याकडच्या यात्रांचा खरा हंगाम एवढाच. एवढ्या दिवसांत शनिवार येतात सहा, एखाद्या वर्षी ओढूनताणून सात. एकट्या जुन्नर तालुक्यात गावं दीडशेच्या वर आहेत. सगळ्यांच्या यात्रा चैत्र-वैशाखात नसतात, काहींच्या माघात होऊन जातात, हे मान्य. निम्मी गावं धरा. ती निम्मी गावं जर शनिवार धरून बसली तर एका शनिवारच्या वाट्याला बारा-तेरा गावं येतात. तालुका एक, रात्र एक, बारा छबिने.

तिथीवर चालत होतं तेव्हा असं होत नव्हतं. कुणाचा देव रामनवमीचा, कुणाचा मारुती पौर्णिमेचा, भैरवनाथ कुठे अष्टमीला तर कुठे आणखी दोन दिवसांनी. कोणा शहाण्याने नकाशा पुढे घेऊन ही वाटणी केली होती असं मी म्हणत नाही. पण झालं असं की एका गावची यात्रा उठायची आणि दुसऱ्या गावची बसायची. पाळणेवाला तिथून इथे यायचा, गोडीशेववाल्याची पालं तिथून इथे यायची, पाहुणे तिथून इथे यायचे. सोमवार असो की बुधवार, कुठे ना कुठे हलगी वाजत असायची. सगळा मुलूख महिना-दीड महिना हलता असायचा. बारा गावांनी एकच रात्र धरल्यावर त्या दीड महिन्यात सहा रात्री गर्दीच्या आणि बाकी सगळ्या सुन्या.

याचा पहिला फटका तमाशाला बसतो, म्हणून तेच आधी सांगते.

पाडव्याच्या आधीपासून नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव, तमाशाची पंढरी म्हणतात ती काही उगाच नाही. तुमच्यातले निम्मे कारभारी दरवर्षी तिथे सुपारी द्यायला, म्हणजे तमाशा ठरवायला जातात. राहुटीत बसून तारीख सांगायची, फडमालक वही उघडतो, 'त्या दिवशी आम्ही अमक्या गावाला आहे, तुमची दुसऱ्या दिवसाची असेल तर बोला' असं बोलणं चालतं. आता कमिट्या जातात त्या सगळ्या शनिवारच मागतात. मग फडमालकाने काय करायचं? मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात. नाचणाऱ्या, सोंगाडे, ढोलकीवाला, तंबूचे कामगार, ड्रायव्हर, आचारी. ती सगळी सातही दिवस जेवतात. सोमवार ते शुक्रवार वही कोरी राहिली तर त्या पाच दिवसांचा खर्च तो शनिवारच्या सुपारीवर चढवणार. दुसरं त्याच्या हातात काय आहे? आणि मग तुम्ही बैठकीत म्हणता, 'तमाशा परवडत नाही, यंदा ऑर्केस्ट्रा बोलवू.'

२०२० आणि २०२१, सलग दोन हंगाम कोरोनात बुडाले. यात्राच झाल्या नाहीत. कितीतरी कलाकारांनी त्या दोन वर्षांत दुसरी कामं धरली. जे परत उभे राहिले त्यांना आपण आठवड्याला एक रात्र देतो आहोत.

आता हजेरीचं बघा, म्हणजे दुसऱ्या सकाळी फड देवळापुढे जो खेळ करतो त्याचं. जुन्या पत्रिका घरात असतील तर काढून वाचा. 'रात्री छबिना व नंतर लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा जंगी हगामा.' हा क्रम ठरलेला होता. रात्रीच्या तमाशाचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण त्यातले बहुतेक दिवस गणपती-नवरात्रातच खपतात. छबिना देवळात यायला दहा वाजतात. पुढे तमाशा उभा राहायचा, गण व्हायचा, गवळण व्हायची आणि बतावणीला रंग चढतो न चढतो तोवर फौजदार घड्याळ दाखवतो. वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं नाटक, हल्ली कुठल्या गावाने शेवटपर्यंत पाहिला असेल तर कळवा, मी त्या गावाला येऊन नारळ फोडीन.

म्हणजे उरली ती हजेरी. दिवसाउजेडी, देवळासमोर, रात्री दहाच्या घड्याळाची भानगड नाही. माझं दुकान देवळाच्या वाटेवर आहे, त्यामुळे हजेरीच्या सकाळी मी त्या माणसांना जवळून बघत आले. सोंगाड्या येतो, खोबरेल तेलाची पुडी आणि कापूस मागतो, रात्रीचा रंग कानामागे आणि मानेच्या घडीत तसाच असतो. तेल चोळत चोळत तो गिऱ्हाइकांशी दोन विनोद करतो आणि त्या विनोदांना पैसे लागत नाहीत. मागून दोघी-तिघी पोरी येतात, चहा आणि पारले-जी. पायातले चाळ काढलेले असतात आणि घोट्यावर पट्ट्याचे वळ दिसतात. तासाभराने तीच माणसं देवळापुढे उभी राहतात आणि म्हातारे धोतराची कड सावरत पुढे सरकतात. आम्ही बायका रात्रीच्या तमाशाला कधी समोर बसलो नाही, गच्चीवरून जे दिसेल ते. हजेरी मात्र आम्ही देवळाच्या पायरीवरून पाहिली आहे, ओटी भरायला आलो असं म्हणत.

शनिवारच्या यात्रेत हजेरी होत नाही. होऊ शकतच नाही. कारण शनिवारी रात्री तुमच्या गावात असलेल्या फडाला रविवारची सुपारी चाळीस किलोमीटरवर असते. पाच दिवस रिकामे गेलेत, तो रविवार सोडणार आहे का? पहाटे तंबू ट्रकवर चढतो. आणि रविवारी तमाशा ठेवला तर सोमवारी सकाळी ज्यांच्यासाठी वार बदलला त्यांच्याच गाड्या पुण्याच्या रस्त्याला लागलेल्या असतात. हजेरी कोणासमोर द्यायची?

बैलगाड्यांचंही तेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सात-आठ वर्षं शर्यतीचे घाट सुने होते. गाडामालकांनी दावणीचे बैल जपले, कोर्टकचेऱ्या केल्या, मोर्चे काढले. एवढं करून मिळवलेली गोष्ट आपण आता सहा शनिवार-रविवारांत कोंबतो आहोत. परवानगी प्रशासनाची लागते, बैलांच्या तपासणीला डॉक्टर लागतो, बंदोबस्त लागतो. एकाच दिवशी चार गावांत घाट असला तर तालुक्याचा पशुवैद्यकीय अधिकारी चारीकडे कसा पुरायचा? आणि बैलांचं काय? तिथीच्या दिवसांत नामांकित गाडा एका घाटात बारी मारायचा, दोन-तीन दिवस दावणीला बसायचा, मग पुढच्या घाटात. आता शनिवारी एका गावात पळाला की त्याच रात्री टेंपोत चढवून रविवारी दुसऱ्या गावात. ज्या मुद्द्यावर कोर्टाने एकदा बंदी घातली होती तो मुद्दा बैलांच्या हालांचाच होता, हे विसरू नका म्हणजे झालं.

कुस्त्यांबद्दल थोडक्यात. हगाम्यात पहिल्यांदा रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, लहान पोरांच्या. त्या कधीही होतील, पोरं गावातलीच असतात. पण मोठ्या कुस्तीला जोड लागतो. चार गावांत एकाच दुपारी हगामा असला की पैलवान चारीकडे विखुरतात, पंच बक्षिसाची रक्कम हातात धरून 'आहे का कोणी, आहे का कोणी' करत आखाड्यात फिरतात आणि शेवटी बरोबरीत सोडवतात.

आता जे कोणत्याच कमिटीच्या बैठकीत निघत नाही ते लिहिते, कारण त्या बैठकीत आम्ही नसतो.

माझं माहेर सासरपासून तीन गावं सोडून. माहेरची यात्रा सासरच्या यात्रेनंतर पाचव्या दिवशी यायची. सासरच्या यात्रेला मी राबायची. राबायची म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल, सांगते. आदल्या रात्री डाळ निवडून ठेवायची, पहाटे पुरण शिजायला टाकायचं, तीन पायल्यांच्या पोळ्या, कटाची आमटी, कुरडया-पापड तळायचे, देवीची ओटी, दारात येईल त्या पाहुण्याला गूळ-पाणी. दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत, मसाला वाटण्यापासून. तिसऱ्या दिवशी भांडी. आणि पाचव्या दिवशी पिशवी घेऊन एसटीत बसायचं. माहेरच्या यात्रेत मी पाहुणी असायची. वहिनी ताट वाढायची, मी पाटावर. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पालांवरून फिरायचं, बांगड्या भरायच्या, पोरांना पाळण्यात बसवायचं, येताना गोडीशेव आणि भत्ता बांधून घ्यायचा. वर्षात लेकीला माहेरी जाण्याचा जो हक्काचा दिवस, जिथे सासू 'कशाला' म्हणून विचारत नाही, तो हा.

दोन्ही यात्रा आता एकाच शनिवारी असतात. मी सासरी पोळ्या लाटते. माझी वहिनी माहेरी पोळ्या लाटते, कारण तिच्याही माहेरची यात्रा त्याच शनिवारी आहे. भाऊ फोन करतो, 'ताई, येतेस ना?' विचारतो आणि लगेच विषय बदलतो, त्यालाही ठाऊक असतं. चार घरांत विचारा, हीच गोष्ट आहे. सोयरिक आपण पंचक्रोशीत करतो. वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत लेकी दिलेल्या, सुना आणलेल्या. त्यामुळे शेजारच्या गावाशी वार जुळला की घराघरातली निम्मी माणसं इकडे आणि निम्मी तिकडे. नवरा व्याह्यांकडे तोंड दाखवून येतो, मुलगा मामाकडे मोटारसायकलवर पाच मिनिटं जाऊन येतो. जेवण दोन्हीकडे उरतं. पाहुणा कमी झाला म्हणून तुम्ही पुढच्या बैठकीत कुरकुर करता. तुमचे पाहुणे आम्हीच होतो.

'पण शनिवार-रविवार नाही ठेवला तर पोरं येत नाहीत,' हे तुमचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. वर्गणीची मोठी रक्कम पुण्या-मुंबईहून येते. देवळाचा सभामंडप त्यांच्या पैशाने उभा राहिला. राज्य सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, आयटीवाल्यांना आधीपासूनच होता. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जो जास्त बोलतो त्याला शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणून आपल्याला वाटतं की सगळ्यांनाच असते.

जरा मोजून बघा तुमच्या गावातली बाहेर कामाला असलेली माणसं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत किती? त्यांतल्या बऱ्याच जणांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. दुकानात, मॉलमध्ये, हॉटेलात, दवाखान्यात, सिक्युरिटीत, रिक्षा-टॅक्सीवर किती? त्यांना शनिवार-रविवार म्हणजे सगळ्यात जास्त कामाचे दिवस, त्या दोन दिवसांची रजा मालक सहसा देत नाही. शनिवारी मोकळा असणारा चाकरमानी हा चाकरमान्यांतला वरचा थर आहे. त्याच्या सोयीला आपण 'सर्वांची सोय' म्हणतो.

आणि मुंबईचे डबेवाले विसरलात? ते कुठले? आपलेच की, खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळचे. १८९० पासून चालत आलेलं काम. पावसात, बंदमध्ये डबा पोचवणारी ही माणसं दरवर्षी चैत्रातल्या यात्रांसाठी एप्रिलमध्ये पाच-सहा दिवस मुंबईतली सेवा बंद ठेवून सगळी मिळून गावी येतात. गिऱ्हाइकांना आधी कळवतात, पगार कापू नका म्हणून विनंती करतात, आणि मुंबई ते चालवून घेते. हे का जमतं? कारण तिथी पंचांगात छापलेली आहे आणि त्या आठवड्यात गावोगावच्या यात्रा एकापाठोपाठ एक येतात. एका रजेत स्वतःच्या गावची, मामाच्या गावची, सासरवाडीची यात्रा होते. याच यात्रा सहा शनिवारांवर फेकल्या तर त्यांनी कुठल्या आठवड्यात मुंबई बंद ठेवायची? शनिवारी डबे असतातच.

चैत्र पौर्णिमा २०२४ ला मंगळवारी होती, २०२५ ला शनिवारी, २०२६ ला गुरुवारी. तरी जोतिबाच्या डोंगरावर वार बघून सासनकाठ्या नाचत नाहीत. शिखर शिंगणापूरची कावड द्वादशीलाच मुंगी घाट चढते. खानदेशातली माणसं सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाला आठवडा-आठवडा उन्हात चालत येतात, त्यांच्यात नोकरदार नसतात असं थोडंच आहे? तुम्ही म्हणाल ती मोठी देवस्थानं, आपला देव गावापुरता. बरोबर. म्हणूनच आपल्याला शेजारच्या गावांची जास्त गरज. जोतिबाला महाराष्ट्र येतो. आपल्या भैरवनाथाला दहा किलोमीटरच्या परिघातून येतात, आणि त्या परिघातल्या सगळ्यांना आपण त्याच दिवशी त्यांच्या त्यांच्या गावात अडकवून ठेवलंय.

२०२५ ला गंमतच झाली होती. पौर्णिमाच शनिवारी, त्यामुळे तिथीवाली गावं आणि शनिवारवाली गावं सगळी एका दिवसावर आली. गोडीशेव दुपारी दोनलाच संपली माझ्याकडची. धंदा झाला, नाही कशाला म्हणू. पण पुढचे पाच दिवस मी माश्या मारत होते आणि पाळणेवाला माझ्या ओट्यावर बसून उधारीवर चहा पीत होता.

तारखेबद्दल आणखी एक. तिथीची यात्रा वर्षभर आधी सगळ्यांना माहीत असते. शनिवारची यात्रा नक्की कुठल्या शनिवारी हे फाल्गुनातल्या बैठकीत ठरतं, मग एखाद्या पुढाऱ्याला वेळ नाही म्हणून पुढे जातं, मग एखाद्या फडाची तारीख मिळाली नाही म्हणून आणखी हलतं. पत्रिका हातात पडते तेव्हा पंधरा दिवस राहिलेले असतात. ज्याला खरोखर रजा काढावी लागते त्या माणसाची यात पंचाईत होते. शाळेचंही बघायला हवं. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत लांबल्या होत्या. पोरांचे पेपर आणि शनिवारचा डीजे यांची सांगड कुठल्या कमिटीने घातली ते मला दिसलं नाही.

मग करायचं काय? मी सगळं जुन्यावर न्या असं म्हणत नाही. शनिवार पूर्ण सोडायचा म्हटलं तर तुम्ही हे पत्र इथेच घडी घालून ठेवाल.

अभिषेक, मांडव डहाळे, शेरणी, पालखी आणि छबिना तिथीलाच करा. यावर बैठकच नको. मांडव डहाळ्याची मिरवणूक निघायला पुण्याहून कोणी यावं लागत नाही, आंब्या-जांभळाच्या फांद्या आणि बैलगाडी गावातच आहेत. त्या दिवशी गावात जेवढी माणसं असतील तेवढ्यांची यात्रा. तमाशा जमला तर त्याच दिवशी आणि दुसऱ्या सकाळी हजेरी. मधल्या वारी सुपारी घासाघीस करून घेता येते, हे नारायणगावच्या राहुटीत बसलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

बाहेरच्यांसाठी एखादा शनिवार-रविवार ठेवायचा असेल तर ठेवा, बैलगाडा किंवा हगामा त्या दिवशी घ्या, पण एकट्याने ठरवू नका. दहा-बारा किलोमीटरच्या आतल्या सात-आठ गावांच्या कमिट्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसावं आणि सहा शनिवार वाटून घ्यावेत. यंदा ज्याला पहिला मिळाला त्याला पुढच्या वर्षी दुसरा. कोकणात शिमग्याची पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत जाणार हे ठरलेलं असतं, मुंबईचा चाकरमानी त्याप्रमाणे रजा टाकतो. मानपानावरून तिथेही वाद होतात, तरी पालखीचा क्रम चालतो. आपल्याकडे शेतकरी एकमेकांना विचारून पाण्याची पाळी ठरवतात, बैलगाड्याचे शौकीन एकमेकांचे घाट सांभाळून घेतात, मग यात्रेच्या वाराला कसली अडचण?

ही बैठक फाल्गुनात नको, दिवाळीत घ्या. पोरं तेव्हा गावी असतातच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या चैत्राची तारीख देवळाच्या फळ्यावर लिहा आणि नंतर आमदार येवोत वा न येवोत, खोडू नका. चार-पाच महिने हातात असले तर चाकणच्या कारखान्यातल्या माणसालाही रजा मिळते.

आणि त्या बैठकीला बायका बोलवा. पंचायतीत निम्म्या जागा आम्हाला २०११ पासून आहेत. आपल्या कित्येक गावांत सरपंचही बाई आहे, पण यात्रा कमिटीच्या फ्लेक्सवरच्या चाळीस फोटोंत एकही बाई नसते. आरतीचं ताट धरायला तेवढी असते. वर्गणी आमच्या घरातून जाते, स्वयंपाक आमच्या हातून होतो आणि कुठल्या शनिवारी कुठल्या गावाशी टक्कर होणार हे तुमच्यापेक्षा आम्हाला आधी कळतं, कारण आमच्या बहिणी, नणंदा, मावश्या त्या सगळ्या गावांत दिलेल्या आहेत. एका फोनवर सात गावांच्या तारखा गोळा होतील. बायका बैठकीत आल्या तर पालांच्या मागे चार तात्पुरती स्वच्छतागृहं उभी करायचा विषयही कोणीतरी काढेल. आजवर तो निघाला नाही याचं आश्चर्य नाही.

जमाखर्च फळ्यावर लावा हे सांगायची गरज पडू नये. बऱ्याच कमिट्या लावतात. ज्या लावत नाहीत त्यांना सगळं गाव ओळखून आहे.

सासरच्या गावच्या कमिटीला हे मी तोंडी सांगितलं आहे. 'बघू' म्हणाले. माहेरच्या कमिटीत माझा भाऊ आहे, त्याला हे पत्र बैठकीत वाचून दाखवायला सांगितलं आहे, आणि तो वाचेल. बाकीच्या गावांच्या कारभाऱ्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, म्हणून जाहीर लिहिलं. आमच्या पंचक्रोशीतल्या कमिट्यांना दिवाळीत बसायला जागा हवी असेल तर दुकानामागचं गोदाम मोकळं करून देते, सत्तर-ऐंशी माणसं सतरंजीवर बसतात. येताना आपापल्या गावची तिथी आणि मागच्या तीन वर्षांच्या पत्रिका तेवढ्या घेऊन या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पेठेतली एक किराणा दुकानदार
तालुका जुन्नर, जिल्हा पुणे